माकडांच्या भिंतीपाशी

येमला अंगकोर वाटला यायचंच नव्हतं. पण नव्या वर्षाच्या सुट्टीत तिच्या मुलीनं, चान्थानं, गाडी ठरवली, दोन शेजारणी गोळा केल्या आणि आईला जवळजवळ उचलूनच आत बसवलं. सगळा देश बघून आला, तूच राहिलीस, हे तिचं पालुपद.

येम राहिली नव्हती. युद्धाच्या काळात, परकरात वावरायच्या वयात, तोफांच्या भीतीनं गाव सोडून ती आईवडिलांबरोबर याच देवळाच्या ओवरीत राहिली होती. हे तिनं मुलीला कधी सांगितलं नव्हतं.

ऊन दगडातून तळपायात चढत होतं. लंकेची लढाई कोरलेल्या भिंतीपाशी येम रेंगाळली. तेव्हा आई निजायची तिथं, उशाशी, भिंतीवरचं एक माकड राक्षसाला चावत होतं, एवढं तिला पक्कं आठवत होतं. पण भिंतभर माकडंच, आणि जे ते कुणाला तरी चावतंय. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन, परत येऊन ती थकली आणि खांबाला टेकून मटकन बसली.

चान्था शोधत आली. "आई, वरच्या गाभाऱ्याला रांग लागलीय. चल ना."

"तू जा. माझे पाय संपले."

"इथवर येऊन खालीच बसायचं? शेजारणी नावं ठेवतील."

"ठेवू देत," येम म्हणाली. मग भिंतीकडे बघत, "तुझा मामा इथं जन्मला. या ओवरीत. जागा काही सापडेना."

चान्थाला मामा असल्याचंच ठाऊक नव्हतं. ती रांग विसरून खाली बसली. तो कुठं आहे, विचारलं. भुकेच्या वर्षांत गेला, येम म्हणाली. खाचरातले खेकडे धरायला जायचा, एक दिवस बांधावरून उठलाच नाही. रडायचा फार. त्यापलीकडे तिला काही आठवेना, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं.

"नाव काय होतं?"

"प्रासात. देवळात झाला, म्हणून देऊळच नाव ठेवलं बाबांनी."

चान्था वर गेलीच नाही. तिनं आईचे पाय मांडीवर घेऊन चेपले. मग दोघी बुद्धाच्या मूर्तीपुढं गेल्या. चान्थानं उदबत्ती लावली आणि मामाचं नाव घेतलं. येमला हात जोडायचंही त्राण नव्हतं. ती नुसती उभी राहिली.

शेजारणी खाली उतरून आल्या, तेव्हा वर किती वारा होता ते सांगत सुटल्या. परतीच्या वाटेवर त्यांनी बांबूत भाजलेला भात घेतला. येमनं दोन घास खाल्ले आणि मुलीच्या खांद्यावर मान टाकून ती झोपली.