पायऱ्यांना नंबर नव्हते

आमच्या देशाचा फुटबॉल संघ जगाच्या क्रमवारीत शोधायचा असेल तर यादी खालून वाचायला घ्यावी, वेळ वाचतो. हे माझ्या मामाचं म्हणणं. आणि त्याच मामाने गेल्या सव्वीस वर्षांत या संघाचा घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवलेला नाही. स्वतःच्या लग्नाची तारीखसुद्धा त्याने सामन्यांचं वेळापत्रक बघून काढली. मामी अजून सांगते, फुटबॉल ही माझी सवत, आणि माझ्या आधी घरात आलेली, म्हणून मान तिचा मोठा.

मामा बॅगा दुरुस्त करतो. बस स्टँडसमोरच्या गल्लीत, छत्रीवाल्याच्या आणि कुलूपवाल्याच्या मध्ये, दोन माणसं शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याला बाहेर थांबावं लागेल एवढं दुकान. सुटकेसची चाकं, दप्तरांचे बंद, पर्सच्या चेनी. चेनींमुळे सगळी गल्ली त्याला चेनवाले मामा म्हणते. जाड काम तो मशीनवर करत नाही. वाकडी सुई आणि मेण लावलेला दोरा घेऊन हाताने शिवतो, त्यामुळे त्याच्या बोटांची टोकं कायम काळी. बोलणं कमी. मी नेमकी उलटी. मी शाळेत गणित शिकवते, आणि माझ्या आईच्या मते माझी जीभ कात्रीपेक्षा जास्त कापते. मामा मला लहानपणापासून ठिणगी म्हणतो.

मी सात वर्षांची असताना मामाने मला पहिल्यांदा सामन्याला नेलं. त्याचाही तो पहिलाच सामना. आमच्या संघाने त्याआधीच्या सहा सामन्यांत एकही गोल केलेला नव्हता. त्या दिवशी आमच्या एका बुटक्या खेळाडूने असा काही चेंडू मारला की गोलकीपर नुसता बघत राहिला. पण जाळीला भोक होतं. चेंडू त्यातून आरपार पलीकडच्या गवतात गेला, आणि पंचांनी ठरवलं की तो खांबाच्या बाहेरून गेला. खेळाडू पंचांना भोक दाखवत होते, पंच घड्याळ दाखवत होते. आम्ही एक-शून्यने हरलो. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ती अशी.

पुढच्या सामन्याला मामा दोन तास आधी सुई-दोरा घेऊन मैदानावर हजर. शिडी मागून घेतली आणि दोन्हीकडच्या जाळ्या शिवून काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नाही. तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी तो जाळ्या शिवत आला आणि मी खाली उभी राहून दोऱ्याची रीळ धरत आले. जाळ्या उन्हाने कुजलेल्या, दर वेळी कुठेतरी तुटायच्याच. मामा म्हणायचा, "बरं आहे मध्यंतरात बाजू बदलतात ते. नाहीतर सगळं काम एकाच जाळीवर पडलं असतं."

बसायला आम्ही पूर्वेच्या पायऱ्यांवर. पश्चिमेला छप्पर आणि खुर्च्या, पूर्वेला नुसत्या सिमेंटच्या पायऱ्या. तिकडे एक छोटं फाटक आणि त्यावर एक दारवाले काका. तिकिटाचा प्रश्नच नव्हता. माणसं येत नाहीत म्हणून फुटबॉल महासंघाने कित्येक वर्षं तिकिटं छापणंच बंद केलं होतं. एका सामन्याला आम्ही एकेचाळीस जण होतो. मामाने मोजले होते, त्यात झोपलेला रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर धरून. पुढे कधीतरी पश्चिमेची तिकिटं पुन्हा निघाली, पण तिकिटावर खुर्चीचा नंबर असतो आणि पायऱ्यांना नंबर नव्हते. म्हणून पूर्वेचं तिकीट कधी निघालंच नाही. दारवाले काका आम्हाला चेहऱ्याने ओळखायचे. एखादा आला नाही तर दुसऱ्या वेळी तब्येत विचारायचे.

मग दोन वर्षांपूर्वी काय झालं कोणास ठाऊक, आमची पोरं जिंकायला लागली. आधी एक सामना, मग लागोपाठ तीन. यंदा गोष्ट इथवर आली की घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना जिंकला, तर आमचा देश पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत खेळणार. मामाने दुकानातल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती काळ्या बोटाने गोल केला. मला म्हणाला, "ठिणगे, एवढा एक बघितला की माझं सगळं वसूल."

आणि गाव पेटलं. कानामागून आली आणि तिखट झाली, अशी माणसं गल्लीगल्लीत दिसायला लागली. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मागच्या वर्षी मला विचारलं होतं की फुटबॉलला अकरा असतात की बारा. त्याच बाई संघाची जर्सी घालून शाळेत आल्या आणि बचावफळीवर माझं बौद्धिक घेतलं. पूर्वेच्या पायऱ्यांवर लाल खुर्च्या बसवल्या गेल्या, नंबरासकट. तिकिटं मंत्र्यांकडे, कंपन्यांकडे, कंपन्यांच्या पाहुण्यांकडे आणि पाहुण्यांच्या मेव्हण्यांकडे गेली. उरलेली विक्रीला आली, ती दहा मिनिटांत संपली.

मग महासंघाने जाहीर केलं की निष्ठावंत चाहत्यांसाठी पाचशे तिकिटं राखून ठेवली आहेत. मला वाटलं, चला, कोणाला तरी लाज आहे. मामाने दुपारी दुकान बंद केलं, धुतलेला शर्ट घातला आणि आम्ही कार्यालयात गेलो. खिडकीमागे एक कारकून होता. नवा होता, त्याची चूक नाही.

"जुन्या तीन सामन्यांच्या तिकिटांचे तुकडे जोडायचे," तो म्हणाला.

"तुकडे नाहीत," मामा म्हणाला. "आम्ही पूर्वेला बसायचो. तिकडे तिकीट नव्हतं."

"तिकीट नव्हतं म्हणजे फुकट बसायचात?"

"पायऱ्या होत्या हो. नंबर नव्हते."

मी मध्ये तोंड घातलं. "अहो, तुम्ही तिकिटं छापतच नव्हतात, तर तुकडे आणायचे कुठून? सव्वीस वर्षं यांनी तुमच्या जाळ्या शिवल्यात. विचारा कोणालाही."

"तसं पत्र आहे का? कामाचा आदेश वगैरे?"

"नाही," मामा म्हणाला. "भोक होतं, शिवलं."

कारकुनाने फॉर्म परत सरकवला. आमच्या मागे एक मुलगा उभा होता, त्याच्याकडे गेल्या वर्षीचे तीन तुकडे होते. तो निष्ठावंत ठरला. मी गणित शिकवते, मला हिशेब कळतो. संघ जिंकताना तीनदा आला तो निष्ठावंत, आणि संघ हरत असताना सव्वीस वर्षं आला तो फुकट्या. मी खिडकीवर एवढी ओरडले की आतून साहेब डोकावले. मामानेच मला दंडाला धरून बाहेर आणलं. म्हणाला, "त्याला नियम दिलाय तो तो पाळतोय. त्याच्यावर काय ओरडतेस?"

त्याचा हा समजूतदारपणा मला कधी कधी सोसवत नाही.

तरी त्याला आशा होती. जाळ्या शिवायला आत सोडतील, मग कोपऱ्यात कुठेतरी उभं राहू. सामन्याच्या दोन दिवस आधी तो सुया, दोरा आणि मेणाचा गोळा घेऊन छोट्या फाटकावर गेला. दारवाले काकांना त्याच्याकडे बघवेना. आत नव्या कोऱ्या जाळ्या लागल्या होत्या, बाहेरून मागवलेल्या. मामाने फाटकातूनच नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, "चांगल्या आहेत. गाठी मशीनच्या आहेत, पण चांगल्या आहेत." गरज सरो, वैद्य मरो. पण वैद्य जर जाळीची तारीफ करत परत येणार असेल तर भांडायचं तरी कोणाशी?

सामना दुपारी चारला होता. तिकीट नव्हतं, तरी मामा तीनलाच निघाला, आणि मीही गेले. फाटकाबाहेरच्या भिंतीशी पाहतो तर सगळे पायरीवाले तिथे. निवृत्त पोस्टमन, बेकरीवाल्या बाई, रात्रपाळी संपवून झोप न घेता आलेली नर्स. साठेक जण असतील. घरी टीव्हीवर सामना स्पष्ट दिसला असता. पण पोस्टमन म्हणाले, "घरी बसून आवाज येत नाही." आम्ही भिंतीला कान लावून उभे. आत बँड, घोषणा, फटाके. मामा आवाजावरून सांगत होता, आता कॉर्नर, आता फ्रीकिक. मग आतला आवाज एकदम गेला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं, आणि मध्यंतराच्या जरा आधी तिसऱ्यांदा. मामाने डोळे मिटले आणि म्हणाला, "तीन-शून्य."

मध्यंतरानंतर खेळ सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, तोच मोठ्या दरवाज्यातून माणसं बाहेर यायला लागली. आधी दोनचार, मग लोंढा. नव्या जर्सी, गालांवर रंग, हातात गाडीच्या किल्ल्या. रस्त्यातली गर्दी लागायच्या आत त्यांना घरी पोचायचं होतं. "काही दम नाही यांच्यात," एक जण दुसऱ्याला सांगत होता. "उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं." त्यांना चढवलं कोणी? तूच ना रे? मी हे त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, आणि त्याने ते ऐकलंही.

दारवाले काका बाहेर आले. त्यांनी आत वळून खुर्च्या पाहिल्या, मग आम्हाला पाहिलं, आणि छोटं फाटक सताड उघडलं. "चला," म्हणाले. "नोकरी गेली तर गेली."

ते बाहेर पडत होते आणि आम्ही आत जात होतो. एका बाईंनी मामाला सांगितलं, "काका, कशाला जाता? संपलाय सामना." मामा म्हणाला, "अजून तीस मिनिटं आहेत."

आम्ही आमच्या जागी, लाल खुर्च्यांवर बसलो. चौथा गोल आमच्यासमोर बसला. मैदानावरची पोरं रडकुंडीला आली होती. पाय ओढत पळत होती, पण पळत होती. मामा टाळ्या वाजवायला लागला, मग आम्ही सगळेच. साठ माणसांचा आवाज तो केवढा, पण रिकाम्या मैदानात सगळीकडे पोचला. आणि शेवटची चार मिनिटं उरली असताना आमच्या एका पोराने लांबून चेंडू हाणला. तो नव्या जाळीत जाऊन अडकला आणि तिथेच राहिला. बेकरीवाल्या बाईंनी मला एवढं घट्ट धरलं की चष्मा वाकला. मामा उभा राहून हसत होता आणि रडत होता. चार-एक हरलो. घरी येताना तो खूश होता, हे मी शपथेवर सांगते.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. पहिल्या पानावर रिकाम्या खुर्च्यांचा मोठा फोटो, पश्चिमेकडचा. खाली महासंघाच्या अध्यक्षांचं म्हणणं: खेळाडूंनी जिवाचं रान केलं, पण आपल्या चाहत्यांची निष्ठा कमी पडली. संघ मागे पडताच उठून जाणारा प्रेक्षक असेल तर संघाने लढायचं कोणासाठी? चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी मुलांना अनेकदा सांगितली आहे. ती एवढी जिव्हारी लागते हे मला माहीत नव्हतं.

मामाने ते दोनदा वाचलं. फॉर्म परत आला तेव्हा तो चिडला नव्हता, नव्या जाळ्या पाहून चिडला नव्हता, भिंतीला कान लावून उभा होता तेव्हाही नाही. आता चिडला. हातातली बॅग अर्धी उसवलेली तशीच ठेवून त्याने दुकानाला कुलूप लावलं, मला शाळेत निरोप धाडला, आणि मी पोचले तेव्हा तो महासंघाच्या खिडकीसमोर उभा होता.

"मी उठून गेलो नाही," तो कारकुनाला सांगत होता. "एवढं मला लिहून द्या. शिक्का मारून."

"असा दाखला नसतो, काका."

"मग हे कसं छापलं? आमच्याबद्दल तुम्ही लिहू शकता, तर आम्हाला का लिहून देत नाही?"

कारकून बिचारा खरंच विचार करत होता. "बरं, तुम्ही आत होतात याचा पुरावा काय? तिकीट?"

"नव्हतं."

"मग कागदोपत्री तुम्ही आत नव्हतातच. मी काय लिहू?"

तेव्हा मामाचा आवाज चढला. मी तो कधी ऐकला नव्हता. "तुमचा संघ नऊ-शून्यने हरला तेव्हा मी होतो! एकेचाळीस माणसं होती, तुमचं इथलं एक माणूस नव्हतं. तुम्ही कुठे होतात ते मी कधी विचारलं नाही. आणि तुम्ही मला विचारता मी कुठे होतो?"

आतून साहेब आले. समजावून झालं, दम देऊन झाला, पहारेकऱ्याला बोलावून झालं. पहारेकरी दारवाले काकांचा जावई निघाला, त्याने हात लावायला नकार दिला. मामा समोरच्या बाकावर बसला. साडेपाचला खिडकी बंद झाली तेव्हा घरी आला, आणि सकाळी खिडकी उघडायच्या आत पुन्हा बाकावर.

आज पाचवा दिवस. दुकान बंदच आहे. मामी डबा देते, मी शाळा सुटल्यावर नेते. कालपासून पोस्टमनही येऊन त्याच्याशेजारी बसतात, आज बेकरीवाल्या बाई आल्या. साहेब आता मागच्या दाराने ये-जा करतात. आज दुपारी कारकुनाने खिडकीतून हळूच विचारलं, "काका, तुम्ही अजून किती दिवस येणार?"

मामाने त्याच्याकडे पाहिलं. "उठून जायची सवय नाही हो मला," तो म्हणाला.