जागा आहे, आत सरका

साहिल आणि रेहान. दिवाळीची सुट्टी संपून कारखाने सुरू झाले त्याच सोमवारी, संध्याकाळी सात वाजता, या दोघांना नाल्याच्या पुलाच्या कठड्यावरून उचलून गस्तीच्या गाडीत घातलं. गुन्हा काय? बसले होते. साहिलच्या मांडीवर पोलीस भरतीचं पुस्तक होतं. होय, पोलीस भरतीचंच! चौकीत बाकड्यावर बसवून ठेवलं, दम दिला आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी कॉलनीभर झालं: पोरं उचलली म्हणजे काहीतरी केलंच असणार.

ती कठड्यावर का बसली होती, हे कुणी विचारलं नाही. मी सांगते. समाजमंदिरातली अभ्यासिका आमच्या प्रभाग समितीनं बंद करून टाकली होती. कारण दिलं होतं, नागरिकांची सुरक्षितता. अंबडच्या कारखान्यांच्या बाजूची आमची कॉलनी. एका खोलीत पाच माणसं, त्यात बाप रात्रपाळीला जाणारा म्हणून संध्याकाळी झोपलेला. नर्सिंगचा अभ्यास करणाऱ्या प्रतीक्षाच्या घरी तर पान उलटल्याचा आवाजसुद्धा चालायचा नाही. अशा पोरांच्या तोंडावर कुलूप लावायचं, आणि ती रस्त्यावर दिसली की त्यांनाच टवाळखोर म्हणायचं. कुणाची सुरक्षितता हो ही?

मी पत्रक लिहिलं. दोन्ही बाजूंनी भरून, प्रत्येक ओळीला उद्गारचिन्ह. वाटत वाटत मावशींच्या दारात पोचले.

मावशी म्हणजे आमच्या गल्लीतल्या निवृत्त एस.टी. कंडक्टर. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागल्या आणि सिन्नर, त्र्यंबक करत नोकरी संपवली. बस सुटली, सवय सुटली नाही. भाजीच्या गाडीभोवती चार बायका उभ्या असल्या तरी मागून आवाज यायचा, "चला, आत सरका, आत सरका, जागा हाय!" आणि जपून ठेवलेल्या जुन्या तिकीट-पंचानं गाडीच्या दांडीवर टकटक. तुम्ही एस.टी.नं फिरला असाल तर हा आवाज तुमच्याही अंगात मुरलेला असेल. डोक्यानं विचार करायच्या आधी पाय सरकतात.

त्यांनी चष्मा लावून पत्रक वाचलं. उलटं करून मागची बाजूही वाचली.

"लय भारी लिहिलंयस गं. मला आपला रागच आला."

"यायलाच पाहिजे, मावशी!"

"आला की. पण जायचं कुठं?"

"म्हणजे?"

"अगं, पाशिंजर गाडीत चढून नुसता बोंबलतोय. कंडक्टरनं तिकीट कुठलं फाडायचं?"

मी फणकाऱ्यानं घरी आले. मग बसले आणि सगळं खोडून एकच ओळ ठेवली: अभ्यासिकेचं कुलूप काढा.

समितीच्या पुढच्या बैठकीला आम्ही सगळे गेलो. खोली छोटी, खुर्च्या भरलेल्या. दारातल्या शिपायानं हात आडवा केला, "जागा नाही, बाहेर थांबा." आमचं भांडण सुरू होणार, तोच मागून आवाज आला. "आत सरका, आत सरका, जागा हाय!" चौकटीवर टकटक.

आणि खरं सांगते, सगळे सरकले. अभियंते सरकले, ठेकेदार सरकला, सभापतींनी स्वतःची खुर्ची भिंतीला लावली. भानावर येईपर्यंत साहिल, रेहान, प्रतीक्षा पुढच्या बाकावर बसलेले होते.

विषयपत्रिका वाचणाऱ्या कारकुनानं विषय घेतला, "परिसरातील टवाळखोर मुलांचा बंदोबस्त करण्याकामी कॅमेरे बसविणे..."

"थांबा साहेब," मावशी म्हणाल्या. "ही ती पोरं. आणलीत तुमच्यासाठी. आता यांच्या तोंडाकडं बघून वाचा."

त्यानं कागदाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. दुसऱ्यांदा तो शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही. "परिसरातील... मुलांचा..." म्हणून तो अडखळला. सभापती हसले, मग गंभीर झाले. ठरलं असं की कॅमेरे बसतील आणि अभ्यासिकाही उघडेल. अट एकच: रोज सहा ते नऊ एक जबाबदार प्रौढ व्यक्ती तिथे बसली पाहिजे.

"कोण बसणार?"

"मी हाय की."

"मावशी, वय झालं तुमचं. झेपेल का?"

"तिकीट अर्धं लागतं मला, साहेब. बसते मात्र पूर्ण!"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, यांचे कसले आभार मानायचे, कुलूप यांनीच लावलं होतं. मावशींनी मला दटावलं. "सरकले ना? जो सरकला त्याला हसून बघावं. फुडच्या टायमाला आपोआप सरकतो." म्हणून इथे लिहिते, आणि मनापासून लिहिते: समितीचे आभार.

दार उघडलं. मावशी दाराशी खुर्ची टाकून शेंगा सोलत बसायच्या. अभ्यासातलं त्यांना काही विचारलं की म्हणायच्या, "ते तुमचं तुम्ही बघा, मी फक्त गाडीत हाय." पण एकदा दोन गल्ल्यांची पोरं बाकावरून हातघाईवर आली, तेव्हा पंचाचा एकच टोला पडला. एस.टी.त एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. पोरं जागच्या जागी थांबली. मावशी उठल्यासुद्धा नाहीत. "ज्याला उतरायचंय त्यानं उतरावं. बाकीच्यांना उशीर होतोय." कुणी उतरलं नाही. नऊ वाजता दोन टोले पडले आणि सगळे एकत्र घरी गेले. त्या पोरांना आपण धोका नाही, प्रवासी आहोत, असं पहिल्यांदा वाटलं असेल तर ते या बाईमुळे. मलाही.

फाल्गुनात मावशी गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. त्या संध्याकाळी सहा वाजता प्रतीक्षानं खुर्ची दाराशी नेऊन ठेवली आणि त्यावर पंच ठेवला. सगळे वाचत बसले, निदान पुस्तकं तरी उघडी होती.

आता समितीचा निरोप आला आहे: जबाबदार प्रौढ व्यक्ती नसेल, तर महिनाअखेर पुन्हा कुलूप. मी बसते म्हटलं. उत्तर आलं, तुम्ही स्वतःच तरुण आहात, चालणार नाही. म्हणजे तरुण असणं हाच अजून संशय! साहिल भरतीत मैदानी चाचणी पास झाला, लेखीला राहिला, यंदा पुन्हा बसतोय. त्यानं कुठे बसायचं? त्याच कठड्यावर?

मावशींनी शिकवलंय, म्हणून ओरडत नाही, कुठं जायचंय ते सांगते. पैसे नकोत, भाषण नको, शिकवायलाही नको. तुमचे केस पिकले असतील किंवा पिकायला लागले असतील, तर आठवड्यातली एक संध्याकाळ त्या खुर्चीवर येऊन बसा. शेंगा सोला, पेपर वाचा, काहीही करा. मंगळवार प्रतीक्षाच्या आईनं घेतला. बुधवार ते रविवार कॉलनीतल्या माणसांनी वाटून घेतले.

सोमवार अजून मोकळा आहे. तो तुम्ही घ्या.