भंतेंचं ‘सो’

चार मास्तर आणि एक क्लार्क दर रविवारी एका चटईवर बसले, की किस्से गवतासारखे वाढतात. उपटले तरी येतातच! आमचा भाग अजून आंध्रात होता तेव्हाची गोष्ट. गुडीहत्नूरच्या आमच्या विहारात एक जपानी भंते वर्षभर राहिले. आम्हाला जपानी शिकवायचे, आमच्याकडून मराठी शिकायचे.

पहिलाच धडा: दुसऱ्याच्या मनातलं ठाम सांगायचं नाही. शब्दाला ‘सो’ जोडायचं, म्हणजे ‘तसं दिसतं’. स्वतःचं मात्र सरळ सांगायचं. आमच्याकडं सगळं उलटं! दुसऱ्याचं मन आम्ही छातीठोक सांगतो आणि आपलं झाकून ठेवतो.

*

गणिताचे वानखेडे सर शाळेत म्हणाले, “हेडमास्तर आज रागीट-सो!” तेलुगू हेडमास्तर नेमके मागं उभे. “सो क्या है?”

“सर, जपानीत मान द्यायचा शब्द!”

तेव्हापासून हेडमास्तर स्वतःला ‘हेडमास्तर-सो’ म्हणवून घेऊ लागले.

*

माझ्या बायकोनं, शीलानं, भंतेंना भाकर आणि ठेचा वाढला. पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी.

“आवडला काय, भंते?”

“ताई,” भंते पाण्याचा तांब्या शोधत म्हणाले, “ठेचा रागावला-सो.”

*

दुसरं शेपूट ‘प्पोइ’. म्हणजे त्यातला थोडा रंग, थोडा वास. डोंगरे सर मुलीसाठी मुलगा बघून आले आणि खुशीत म्हणाले, “पोरगा एकदम साहेब-प्पोइ!”

मुलगी आतून ओरडली, “बाबा, मले पुरा पायजे!”

*

नामदेवदादा तहसीलमध्ये क्लार्क. त्यांची बायको सुमन गेली आणि चौथ्या दिवशी दादा ऑफिसात हजर. रडले नाहीत, तिचं नाव काढलं नाही. शर्ट अंगावर ढगळ होत चालला. माणूस आतल्या आत संपेल, अशी मला खरंच भीती वाटायची. तरी आम्ही म्हणत राहिलो, “दादा, तुमी लय घट्ट मनाचे!”

एका रविवारी सकाळी भंतेंनी प्रत्येकाला एक वाक्य करायला सांगितलं. वानखेडे खाली बघत हळूच म्हणाले, “दादा सामिशी-सो.” सामिशी म्हणजे एकटं एकटं वाटणारा.

दादा वहीवर रेघ मारत होते. ती पानाच्या टोकापर्यंत गेली.

“सामिशी,” दादा म्हणाले. पुढं ‘सो’ लावलं नाही. मग त्यांचा आवाज फुटला. “सुमन दोन कप चा करे. मी अजूनबी दोनच करून राह्यलो, भंते. आतापन दुसरा तसाच ठेवून आलो.”

भंतेंनी वही मिटली आणि पायांत चपला सरकवल्या.

“चला दादा,” ते म्हणाले, “चहा थंड-सो.”