दर्याकडची कूस

मुलगी कोमट खोबरेलाची वाटी घेऊन माझ्या अंथरुणाशी आली आणि त्या वासासरशी मी साठ सालच्या मालवणात पोहोचले, नवी सून होऊन.

सासरे जुने तांडेल, होडी हाकणारे. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. मी त्यांची कूस बदलायला गेले की माझ्यावर खेकसत, "उलटूक मी काय तव्यावरचो बांगडो?"

शेजारच्या गोदाक्का मात्र तेल घेऊन उशाशी बसत. "तांडेलानू, वारो खंयसून येता, बघून सांगा."

सासरे कण्हत कण्हत दर्याच्या खिडकीकडे आपणच वळत. "मतलई गो!" तोवर अक्कांचा हात पाठीवरून फिरू लागलेला असे. मला वाटे, या बाईला रोज वाऱ्याची कसली एवढी चौकशी!

"आई," मुलगी म्हणाली, "खिडकीतून बघ गं, आंबा मोहरलाय का?"

मला सगळं कळलं. तरी वळले.