वीतभर खालचा चिखल

आई ओहोटीला खाडीच्या चिखलात बसून शिंपल्यातल्या तिसऱ्या काढून विकायची, तेव्हा आमची चूल पेटायची. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसत नसे. म्हणायचे, हिला चिखलाचा वास येतो.

आज प्रयोगशाळेत त्याच चिखलाची बरणी उघडली, तर सोबतचा सुमेध नाक दाबून म्हणाला, "कुठून आणलीस गं ही घाण?"

"आमच्या दारातून," मी म्हटलं.

वरवरच्या चिखलातून दोनदा काहीच हाती लागलं नव्हतं. मग आई म्हणाली, "वीतभर खालचा घे, जीव तिथं असतो." तोच आणला होता. त्यातले जिवाणू फोडले, गाळून घेतलं, वर थंडगार अल्कोहोल सोडलं. नळीत पांढरे धागे तरंगू लागले. जीव आहे तिथं वास येणारच. त्याची लाज मी का धरू?

आमच्या खाडीतल्या जिवाणूंचा डीएनए मी काढला.