आत्याच्या झिऱ्याचं पाणी

माझ्या आत्याचे दात कुणी पाहिले नव्हते. तिला हसू यायच्या आधी तिचा पदर तोंडावर जायचा. जेवायलाही ती भिंतीकडे तोंड करून बसायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आत्या अशा डोळ्यांनी हसतात.

मुलांनो, तुम्ही आमचं गाव पाहिलेलं नाही, म्हणून क्रमानं सांगते. सोनपेठच्या अलीकडे, गोदावरीपासून पाऊण कोसावर ते होतं. निजामाच्या राज्यातले ते दिवस आता मला धुक्यातून दिसावेत तसे दिसतात; मातीचे रस्ते, निंबाची सावली आणि चौकातला खोल आड. कितीही कडक उन्हाळा असो, तो आटायचा नाही. गाव त्या गोड पाण्याची फार बढाई मारायचं. त्याच गावातल्या बहुतेकांच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. आमच्या मातीचाच रंग तो, असं म्हणून लोक सोडून द्यायचे.

आत्याला सोडून देता आलं नाही. तिचं लग्न दूरच्या गावी झालं. तिथं सासूनं तिचे दात पाहिले आणि ती चोरून मिश्री लावते, असं ठरवून टाकलं. रोज सकाळी विटेच्या भुकटीनं दात घासायला लावलं. हिरड्यांतून रक्त यायचं, पट्टे तसेच राहायचे. वर्षभरानं तिला माहेरी पोचवून गेले, ते परत न्यायला कुणी आलंच नाही. तेव्हापासून तो पदर.

मी जन्मले आणि आत्यानं एक गोष्ट मनाशी धरली. भल्या पहाटे ती नदीवर जायची. वाळूत हातानं झिरा उकरायची, गढूळ पाणी उपसून टाकायची आणि खालून निवळशंख पाणी वर येईपर्यंत बसून राहायची. मग करवंटीनं घागर भरायची. ते पाणी दुहेरी फडक्यातून गाळून, उकळून, फक्त माझ्यासाठी ठेवलेलं असे. माझा वरणभातही त्याच पाण्यात शिजे. वाटेत शेजारच्या काकू हटकायच्या.

"आत्याबाई, पोरगी नवाबाची हाय का? हिला गावचं पाणी चालत न्हाई?"

"नवाबाची न्हाई. माझी हाय," आत्या पदराआडून म्हणायची.

आईनं एकदा विचारलं, "वन्सं, पाण्याचंच कारण हे तुम्हाला कसं कळलं?"

"बघून कळलं. गावात आलेल्या सुनांचे दात पांढरे, गावच्या लेकींचे पट्ट्यापट्ट्यांचे. शेजारची गोदी आठ वर्षं आजोळी पाथरीला वाढली, तिचे समोरचे दात बघा. वैनी, दात हिरडीत असतानाच पाणी पित असत्यात. बाहेर आल्यावर घासून काय व्हणार?"

पाच वर्षांची असताना मी काकूंच्या अंगणात खेळून दमले आणि आडाचं तांब्याभर पाणी घटाघटा प्याले. आत्याला कळलं. ती रागावली नाही, म्हणूनच मी घाबरले. तिनं माझं तोंड उघडून हिरड्यांवरून अंगठा फिरवला. "एका तांब्यानं न्हाई व्हत काही," ती म्हणाली. मला नव्हे, स्वतःला.

दुधाचे दात पडले. समोरची खिंडारं भरेपर्यंत ती रोज मला उंबऱ्यावर उजेडात बसवून बघायची. एके सकाळी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ज्वारीच्या दाण्यावानी हायेत गं." पदर त्या दिवशी तोंडावरून डोळ्यांवर गेला.

पुढे मी शिकायला हैदराबादला गेले. रेवड्या आणि गूळ ही माझी कमजोरी. सतराव्या वर्षी माझी पांढरीशुभ्र दाढ किडली. तिथल्या दातांच्या डॉक्टरांनी गाव विचारलं, गावकऱ्यांचे दात विचारले आणि म्हणाले, काही विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार असतो. बेताचा असेल तर दात कणखर होतात, सहसा किडत नाहीत. जास्त झाला तर बनत्या दातांवर डाग पडतात. फारच झाला तर हाडंही आखडतात.

तुमच्या टूथपेस्टच्या नळीवर तेच नाव छापलेलं असतं. म्हणून मी दर पत्रात लिहिते, की मोठ्यांनी मटाराच्या दाण्याएवढी घ्या, धाकटीला तांदळाच्या दाण्याएवढीच द्या, आणि गिळू नका, थुंका. आजी उगीच शिस्त लावते असं समजू नका.

सुट्टीत घरी आले तेव्हा आत्या ओसरीवर ऊस सोलत होती, दातांनीच, भिंतीकडे तोंड करून. मी तिला सगळं सांगितलं.

"म्हंजे मिठावानी," ती म्हणाली. "चिमूटभर लागतं, मूठभर चालत न्हाई."

"हो. आणि तुला आजवर कधी दाढदुखी झाली का गं?"

"कधीच न्हाई." मग ती हळूच म्हणाली, "म्हंजे मी घाण नव्हते?"

"नाही आत्या. नुसतं पाणी होतं ते."

ती माझ्याकडे वळली. माझी दुखरी दाढ, तिचा कडकडा मोडलेला ऊस. तिला काय वाटलं कोण जाणे, ती हसू लागली. हात पदराकडे गेला, अर्ध्यात थांबला आणि खाली आला. गोदावरीचं पाणी ओसरताना काठावर एकाखाली एक रेघा सोडून जातं ना, तसे दात होते तिचे.

त्यानंतर लवकरच माझं लग्न झालं, आणि ती गेली तेव्हा मी लांब होते. त्या सकाळीही ती झिऱ्यावर जाऊन आली होती, असं आईनं कळवलं. माझ्या थोरल्या भावाची मुलगी तेव्हा नुकती बसायला लागली होती. तिच्यासाठीची घागर चुलीपाशी भरलेली होती.