बर्फातल्या माशासाठी आकडी

मंडळी, आज शुक्रवारची सुट्टी होती आणि मी बर्फातला मासा वर ओढायची आकडी बनवली. इथे सौदीतल्या कतीफमध्ये बर्फ दिसतो तो फक्त मासळीबाजारात, त्यामुळे आमच्या कामगार कॅम्पमधले सगळे हसले.

माझा मुलगा कॅनडात शिकतो. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून तो मित्रांबरोबर गळ टाकतो. मागच्या आठवड्यात भोकाच्या तोंडाशी आलेला मासा सुटायला लागला, म्हणून त्याने पाण्यात हात घातला. मासा गेलाच. व्हिडिओवर मला त्याची लालभडक बोटं दिसली, ती डोळ्यांसमोरून हलेनात.

गावी आम्ही बिळातल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, लोखंडी आकडीने काढायचो. तशीच मी स्टीलच्या सळीची केली आणि शेवटी दांड्याला सुती दोरी घट्ट गुंडाळली.

शेजारी बसलेला कुडाळचा सावंत म्हणाला, "अरे दादा, बर्फात दांडो तापतलो काय?"

खरंच की! इथल्या उन्हात हत्यारांचा चटका बसतो, म्हणून आम्ही दांडे गुंडाळतो. सवयीने हात चालला होता. दोरी नंतर सोडू म्हटलं, आकडी कपाटातल्या गणपतीच्या फोटोपुढे ठेवली आणि मुलाला व्हिडिओ कॉल लावून दाखवली.

तो बघतच राहिला. "बाबा, इथे थंडीत नुसतं स्टील हाताला चिकटतं, कातडी निघते. तुम्हाला कसं कळलं?"

मला काहीच कळलं नव्हतं. ज्याला कळलं होतं, त्याला हात जोडले.

तुमच्यापैकी कुणी कॅनडाला जाणार आहे का? आकडी हातभर लांब आहे. टोकाला बूच लावून देईन.